आज कॉशन कुठंय?

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्हाला पाठकोऱ्या कागदांची कधी टंचाई पडली नाही. अण्णा ड्यूटीवरून आले की खिशातून घडी घातलेले दोन-तीन कागद निघत. आई ते गादीखाली दाबून सपाट करी आणि माझ्या दप्तरात टाकी. कोऱ्या बाजूवर मी गुणाकार केले, निबंधांचे कच्चे खर्डे लिहिले, चित्रं काढली. छापील बाजूकडे लक्ष गेलं ते चौथी-पाचवीत. वर लिहिलेलं असे, 'कॉशन ऑर्डर'.

गाडी सुटण्याआधी स्टेशनमास्तर हा कागद ड्रायव्हरला देतो आणि मिळाल्याची सही घेतो. पुढच्या टप्प्यात अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत रुळांचं काम चालू आहे. तिथं ताशी वीस, पुलाजवळ दहा. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव ही स्टेशनं मी नकाशावर शिकायच्या आधी या कागदांवर शिकले. एकदा एका कागदावर काहीच सापडेना. ना किलोमीटर, ना वेग. नुसतं 'निल'. मी विचारलं, "काहीच नाही, तर कागद कशाला दिला?"

अण्णा चहा बशीत ओतत होते. म्हणाले, "काही नाही, असंही कुणीतरी सही करून सांगावं लागतं. मास्तर गप्प राहिला तर मी काय समजायचं? रस्ता साफ आहे, की तो विसरला?"

अण्णांना निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. मी एअरबस ए३२० उडवते. मधल्या काळात रेल्वेनं 'ड्रायव्हर' हा शब्द बदलून 'लोको पायलट' केला, त्यामुळे आई पाहुण्यांना सांगते, आमच्या घरात दोन पायलट. आणि ड्यूटीला निघताना मी फोन केला, की अण्णा हवामान विचारत नाहीत, किती वाजता उतरणार हेही नाही. विचारतात, "आज कॉशन कुठंय?"

या प्रश्नाचं मोल मला एका रात्री कळलं. पण त्या रात्रीकडे येण्याआधी जमिनीवरच्या विमानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याचा विचार फारसा कुणी करत नाही.

लग्नसमारंभात लोक मला विचारतात, वीज पडली तर काय होतं, हवेच्या खड्ड्यात भीती वाटते का, उतरताना छातीत धडधडतं का. विमान टर्मिनलपासून निघून धावपट्टीपर्यंत रांगत जातं, त्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही. प्रवासी तेव्हा फोन बंद करत असतात, लेकराच्या पट्ट्याचं बक्कल शोधत असतात. आमच्या भाषेत त्याला टॅक्सी करणं म्हणतात. मी सर्वात जास्त सावध असते ती याच मिनिटांत.

अण्णांना पहिल्यांदा हे समजावून सांगत होते तेव्हा त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. म्हणाले, "आमच्या गाडीला स्टिअरिंग नसतं." खरंच. इंजिन कुठल्या रुळावर जाणार हे सांधे ठरवतात आणि सांधे कुणी दुसराच लावतो. ड्रायव्हरला सिग्नल पाळायचा असतो, वेग सांभाळायचा असतो, रस्ता निवडायचा नसतो. माझ्या हाताशी मात्र एक छोटं चाक असतं, टिलर म्हणतात त्याला. जमिनीवर विमान त्यानं वळतं. आणि रुळाच्या जागी काय असतं? डांबरावर मारलेली पिवळी रेघ. सत्तर टनांचं विमान त्या रेघेवरून न्यायचं. पुढचं चाक पायलटच्या पाठीमागे काही मीटरवर असल्यामुळे वळण घेताना आधी आपण रेघ ओलांडून पार पुढे जातो, तेव्हा कुठे चाक वळणावर येतं. शिकाऊ असताना प्रत्येक वळणाला मला वाटायचं, आता गवतात जाणार.

रात्री विमानतळाची जमीन फार देखणी दिसते. टॅक्सीवेच्या, म्हणजे या रांगण्याच्या वाटेच्या, कडेला निळे दिवे, मधोमध हिरवे, धावपट्टीच्या कडांना पांढरे, आणि आडवी लाल ओळ पेटली असेल तर थांबायचं. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही या टॅक्सीवेवर आहात. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण म्हणजे इकडे वळलात तर तो टॅक्सीवे लागेल. लाल पाटीवर पांढरे आकडे दिसले की पुढे धावपट्टी आहे, परवानगीशिवाय नाकाचं टोकही पुढे जाता कामा नये. टॅक्सीवेंना इंग्रजी अक्षरांची नावं असतात, पण शक्यतो तीन अक्षरं टाळतात. आय आणि ओ, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. आणि एक्स, कारण जमिनीवर रंगवलेल्या फुलीचा अर्थ एकच: ही वाट बंद आहे. एक अख्खं अक्षर बंद रस्त्यासाठी राखून ठेवलेलं आहे, हे मला शिकताना फार आवडलं होतं.

वाटा बंद होतातच. धावपट्टी म्हणजे शेवटी रस्ताच. उतरणाऱ्या चाकांचं रबर तिच्यावर चिकटून बसतं, उन्हानं डांबर भाजून निघतं, पावसाचं पाणी फटीत शिरतं. मुंबईत दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवून डागडुजी करतात. २०२४ साली तो दिवस ९ मे होता. पावसाळा सरला की पुन्हा एकदा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून त्या चौकाचंच काम निघालं की दोन्ही बंद. २०१९ साली ७ फेब्रुवारी ते ३० मार्च असं ते चाललं होतं, मंगळवार, गुरुवार, शनिवार, दिवसाचे सहा तास. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. तिच्या नूतनीकरणासाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे सलग चौदा दिवस पुण्याहून एकही प्रवासी विमान उडालं नाही. लोकांची गैरसोय झाली, लग्नाची वऱ्हाडं मुंबईमार्गे गेली, तिकिटं रद्द झाली.

तरी मी म्हणेन, असं पूर्ण बंद करणं हेच सर्वात सुरक्षित. पूर्ण बंद रस्त्यावर कुणी चुकत नाही, कारण तिथं कुणी जातच नाही. धोका असतो तो अर्ध्या बंद, अर्ध्या चालू रस्त्यात. रात्री ११ ते पहाटे ५ काम, दिवसा वाहतूक. टॅक्सीवेचा इकडचा तुकडा चालू, तिकडचा बंद. रोजचं डावं वळण आठवडाभर नाही, त्याऐवजी दोन चौक आधीचं घ्या. आज ही रेघ खरी, उद्या ती पुसून दुसरी.

माझी ती रात्र अशाच एका विमानतळावरची. कुठला, ते महत्त्वाचं नाही. मे महिन्याचा शेवट. मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, होऊन जेमतेम सहा महिने झालेले. विमान कॅप्टनसाहेब चालवत होते; माझ्याकडे नकाशा, रेडिओ आणि वाट सांगण्याचं काम. टॅक्सीवेचा एक तुकडा कामासाठी बंद असल्याची सूचना आम्हाला मिळाली होती. आम्ही दोघांनी ती वाचली होती. निघण्याआधी तिच्यावर बोललो होतो, मी टॅबलेटवरच्या नकाशात त्या तुकड्यावर बोटानं लाल रेघही ओढली होती. ग्राउंड कंट्रोलनं वाट सांगितली, मी लिहून घेतली आणि शब्दशः परत म्हणून दाखवली. सगळं नियमानं.

वळवाची एक सर येऊन गेली होती. जमीन ओली. पलीकडे कामाच्या जागेवर मोठे फ्लडलाइट लावले होते आणि त्यांचा झोत ओल्या डांबरावरून थेट आमच्या डोळ्यात येत होता. ओल्या जमिनीचा एक गुण मला तेव्हा माहीत नव्हता. जुनी पिवळी रेघ काळा रंग फासून बुजवली असेल, तर कोरड्यात ती दिसत नाही. पाऊस पडून वरून उजेड आला की तो काळा रंग भोवतालच्या डांबराहून निराळा चमकतो आणि मेलेली रेघ जिवंत होते.

नेमक्या त्याच वेळी केबिनमधून फोन आला, एक आजोबा उठून स्वच्छतागृहाकडे निघालेत. मी उत्तर दिलं. तेवढ्यात टॉवरनं उड्डाणानंतरच्या मार्गात बदल सांगितला, तो मी खाली मान घालून संगणकात भरायला लागले. किती वेळ? वीस सेकंद असतील. मान वर केली तेव्हा समोर चौक होता, डावीकडे एक चमकती रेघ वळत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "लेफ्ट, सर."

ते मी विचार करून म्हटलं नाही. सहा महिने त्या विमानतळावर आम्ही जिथं डावीकडे वळायचो, तोच हा चौक होता. त्या रात्रीचं वळण दोन चौक आधी होतं, आणि ते आम्ही, मी मान खाली घातलेली असताना, मागे टाकलं होतं.

सरांनी टिलर थोडा फिरवला. नाक डावीकडे झुकलं. आणि विमान थांबलं. त्यांनी पार्किंग ब्रेक लावला. कॉकपिटमध्ये पंख्यांच्या आवाजाशिवाय काही नाही. मग ते शांतपणे म्हणाले, "ही रेघ मला ओळखीची वाटत नाही."

समोर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, लहान लाल दिव्यांची एक रांग होती. मी ती पाहिली होती. पाहून, हे पलीकडचं काहीतरी असेल, असं डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. ती कामाच्या जागेची बॅरिकेड होती, शंभर मीटरही नसेल. तिच्यामागे एक रोलर उभा. रोलरच्या आडोशाला सात-आठ माणसं उकिडवी बसली होती, चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घालून, स्टीलच्या किटलीतून चहा ओतून घेत. त्यांतल्या एका बाईनं आमच्या दिव्यांकडे बघून डोळ्यांवर हात आडवा धरला.

सरांनी रेडिओवर सांगितलं की आम्ही थांबलो आहोत आणि आमच्या जागेबद्दल आम्हाला खात्री नाही. टॉवरनं 'फॉलो मी'ची, पुढे राहून वाट दाखवणारी जीप पाठवली. ती यायला चार मिनिटं लागली. आमच्या मागे दोन विमानं ताटकळत होती, त्यांतल्या एकानं उशीर किती होईल म्हणून विचारलंही. त्या चार मिनिटांत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मला रागावले नाहीत. घटनेचा अहवाल मी लिहिला, त्यावर कुणी शिक्षा केली नाही, पुढच्या प्रशिक्षणात तो नाव न घेता वापरला गेला. जे झालं त्याची नोंद बाहेर कुठेही नाही, कारण काहीच झालं नाही.

पण हॉटेलवर गेल्यावर झोप आली नाही. मला बंद वाट माहीत नव्हती असं नव्हतं. माहीत होती, पाठ होती. माहीत असूनही मी तिकडे बोट दाखवलं, हे मला सोसेना. म्हणून पहाटे उठून मी प्रशिक्षणात वरवर वाचलेला एक अहवाल पुन्हा उघडला.

३१ ऑक्टोबर २०००. तैवानमधलं तैपेई, त्या वेळचं चिआंग कै-शेक विमानतळ. सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७४७, सिंगापूरहून आलेलं, लॉस एंजेलिसला निघालेलं. आत १७९ माणसं. बाहेर टायफून जवळ येत होता. पावसाच्या धारा आडव्या, रात्रीचे सव्वाअकरा होऊन गेलेले. उत्तरेकडे दोन समांतर पट्ट्या: शून्य-पाच डावी आणि शून्य-पाच उजवी. उड्डाणाची परवानगी डावीवरून. उजवी पट्टी १३ सप्टेंबरपासून कामासाठी मधोमध तोडलेली होती. मधला तुकडा बंद, बाकीचा टॅक्सीवे म्हणून वापरात. पुढे ती कायमची टॅक्सीवेच होणार होती. वैमानिकांकडे ही सूचना होती. त्यांनाही माहीत होतं.

वाट अशी: एन-१ नावाच्या टॅक्सीवेवर वळायचं, उजवी पट्टी ओलांडायची आणि तसंच पुढे जाऊन डावी गाठायची. दोन्ही पट्ट्यांच्या मध्यरेषांत अंतर २१४ मीटर. भुसावळच्या एखाद्या लांब फलाटाच्या अर्ध्याहूनही कमी. विमान ते २१४ मीटर आधी वळलं, आणि तोडलेल्या पट्टीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं.

का वळलं? हा भाग मी त्या पहाटे कितीतरी वेळा वाचला. एन-१ वरून उजव्या, म्हणजे चुकीच्या पट्टीकडे वळणारे हिरवे दिवे दाट आणि लख्ख होते, मोत्यांच्या सरासारखे. सरळ, म्हणजे बरोबर पट्टीकडे नेणारे दिवे मोजके आणि लांब लांब. त्यातलाही एक बंद, एक मंद. एन-१ ची पिवळी रेघ उजव्या पट्टीतून आरपार पुढे नेलेली नव्हती. चुकीच्या पट्टीच्या तोंडाशी फुली नव्हती, कारण तो तुकडा टॅक्सीवे म्हणून चालू होता ना. अर्धा बंद, अर्धा चालू. फुली मारायला ठरवून राखलेलं ते अक्षर, जिथं हवं होतं तिथंच नाही.

आम्ही धावपट्टीची शेवटची खातरजमा होकायंत्रावरून करतो. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची दिशा; शून्य-पाच म्हणजे साधारण ५० अंश. पण इथं दोन्ही पट्ट्या समांतर, दोघींचा आकडा एकच. होकायंत्र म्हणालं, बरोबर. त्या विमानात आणखी एक उपकरण होतं, धावपट्टीच्या रेडिओ संकेतावरून मधली रेषा दाखवणारं. ते जागं झालं नाही, कारण विमान त्या रेषेवर नव्हतंच. कॉकपिटमध्ये ते लक्षात आलं, त्यावर दोन शब्द बोलले गेले. पण समोर पट्टी दिसत होती. पावसात, वाऱ्यात, वादळ आणखी जवळ यायच्या आत निघण्याच्या घाईत, डोळ्यांना जे दिसलं त्यापुढे त्या गप्प उपकरणाचं कुणी ऐकलं नाही.

पुढचं मी थोडक्यात सांगते. किलोमीटरभर अंतरावर काँक्रीटचे अडथळे होते, एक्स्कव्हेटर होते, रोलर, बुलडोझर. ८३ माणसं गेली. कॉकपिटमधले तिघंही वैमानिक वाचले. ते वाचले ही बातमी वाचून लोकांना काय वाटलं असेल मला माहीत नाही. मला वाटलं, त्यांना ती वाट पुढच्या किती रात्री दिसली असेल.

तैवानच्या तपास यंत्रणेनं वैमानिकांनी जागेची खातरजमा केली नाही याकडे बोट दाखवलं, दिव्यांमधल्या आणि खुणांमधल्या उणिवाही नोंदवल्या. सिंगापूरच्या बाजूनं त्या उणिवांवर जास्त भर दिला. वाद पुष्कळ झाला. 'मानवी चूक' हा शब्द अशा वेळी फार लवकर उच्चारला जातो. चूक मानवाचीच, मान्य. पण दिवा बंद होता ती चूकही मानवाचीच ना? रेघ अर्ध्यावर सोडली ती कुणाची? ज्याच्या हातात शेवटी टिलर असतो, त्याच्या एकट्याच्या नावावर सगळं लिहून मोकळं होणं मला आजही पटत नाही, आणि हे मी माझी चूक झाकायला म्हणत नाही. माझी चूक माझीच होती.

त्यानंतर मी असे अहवाल शोधून शोधून वाचले. अमेरिकेत केंटकीमधल्या लेक्सिंग्टनला २७ ऑगस्ट २००६ च्या पहाटे एक छोटं प्रवासी जेट ७,००३ फुटांच्या धावपट्टीऐवजी ३,५०० फुटांच्या धावपट्टीवरून धावलं. ५० पैकी ४९ जण गेले. तिथंही बांधकाम चालू होतं, टॅक्सीवेची वाट आठवडाभरापूर्वीच बदललेली, आणि वैमानिकांच्या हातातला नकाशा जुन्या वाटेचा. धावपट्टीवर दिवे नाहीत, हे एकानं बोलूनही दाखवलं होतं. बोलून दाखवलं आणि विमान धावतच राहिलं. तिथं तर होकायंत्रात चाळीस अंशांचा फरक दिसत होता.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट उतरण्याची आहे. ७ जुलै २०१७, मध्यरात्रीच्या जरा आधी. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक कामासाठी बंद, तिचे दिवे विझवलेले. एअर कॅनडाच्या ए३२० च्या वैमानिकांना दोन पट्ट्या दिसायची अपेक्षा होती. त्यांनी चालू असलेल्या पट्टीला बंद पट्टीच्या जागी धरलं आणि तिच्या शेजारच्या टॅक्सीवेला धावपट्टी. त्या टॅक्सीवेवर भरलेली चार विमानं एकामागे एक उभी होती. शेवटच्या क्षणी विमान वर उचललं गेलं. तोवर ते सुमारे ६० फुटांपर्यंत खाली आलं होतं. धावपट्टी बंद असल्याची सूचना त्यांच्याकडे होती. सत्तावीस पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर.

या सूचनांना नोटॅम म्हणतात. माझ्या अण्णांच्या कॉशन ऑर्डरची ही नात म्हणावी, पण घराण्याचं वळण तिला लागलेलं नाही. सगळी अक्षरं मोठी, शब्द तोडलेले, आणि अमुक क्रेनचा दिवा बंद, तमुक ठिकाणी गवत कापणं चालू, पक्ष्यांचा वावर, या सगळ्या रांगेत एका ओळीत 'धावपट्टी बंद'. गवताला आणि धावपट्टीला एकच माप. सॅन फ्रान्सिस्कोच्या तपासानंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी भर बैठकीत या नोटॅमांना कचरा म्हटलं होतं. शब्द कडक आहे, पण रात्री दोन वाजता तो गठ्ठा चाळणारा कुणीही त्यांच्यावर रागावणार नाही. स्टेशनमास्तर मोजून तीन ओळी लिहितो, समोरच्या माणसाच्या डोळ्यात बघून देतो, सही घेतो. काहीच नसेल तर 'निल' लिहून देतो. आम्हाला 'निल' कधीच कुणी लिहून देत नाही. त्यामुळे गठ्ठ्यात नाही म्हणजे नाही, की माझ्या नजरेतून निसटलं, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मी हे सगळं दिवाळीत घरी गेले तेव्हा अण्णांना सांगितलं. ते ओट्यावर बसून ऐकत होते. मेक्सिको सिटीचा अपघातही सांगितला: तारीख तीच, ३१ ऑक्टोबर, पण साल १९७९. धुकं होतं, एक डीसी-१० विमान कामासाठी बंद असलेल्या धावपट्टीवर उतरलं आणि तिथल्या ट्रकवर आदळलं. विमानातले बहात्तर गेले आणि जमिनीवरचा एक.

इतका वेळ गप्प बसलेले अण्णा म्हणाले, "जमिनीवरचा कोण होता?"

मला सांगता आलं नाही. आणि तेव्हा लक्षात आलं, की मी वाचलेल्या सगळ्या अहवालांत मी आकाशाच्या बाजूनं उभी होते. अण्णा उभे होते गँगमनच्या बाजूनं. त्यांनी चाळीस वर्षं इंजिनातून रुळांवरची माणसं पाहिली होती. त्यांनी मला रेल्वेची रीत सांगितली. रुळ तुटला, अडथळा आला, की गँगमन बाराशे मीटर लांब धावत जाऊन रुळावर दहा-दहा मीटरवर तीन फटाके बांधतो. सहाशे मीटरवर आणखी एक. ड्रायव्हर धुक्यात असो, विचारात असो, त्याला झापड आलेली असो, चाक त्यावरून गेलं की धाडकन आवाज होतो. "कागद वाचायचा राहून गेला, झेंडा दिसला नाही, तरी कान आहेत ना," ते म्हणाले. "माणूस चुकणार हे धरूनच त्यांनी ते फटाके ठेवलेत."

विमानतळांनाही हे हळूहळू उमगत गेलं आहे. बंद धावपट्टीच्या तोंडाशी दिव्यांची मोठी पेटती फुली उभी करतात, ती मैलभरावरून दिसते. चुकीच्या ठिकाणी वेग घेतला तर काही विमानांत आता यंत्र स्वतः ओरडतं की हा टॅक्सीवे आहे. आमच्या टॅबलेटवरच्या नकाशात विमानाचा ठिपका सरकताना दिसतो. जिथं वैमानिक वारंवार चुकतात त्या चौकांभोवती नकाशावर गोल काढलेले असतात. हे सगळं चांगलं आहे. पण मला विचाराल तर अजूनही सर्वात मोठा आधार पार्किंग ब्रेकचा आहे, आणि तो लावायला लागणाऱ्या चार शब्दांचा: आम्हाला जागेची खात्री नाही. ते शब्द रेडिओवर उच्चारणं फार जड जातं. सगळे ऐकत असतात. मागे विमानं तुंबलेली असतात. वर्षानुवर्षं आपण शिकतो की पायलटचा आवाज ठाम हवा. त्या रात्री सरांनी ते शब्द इतक्या सहज उच्चारले, जणू पाणी मागत होते. त्यांनी मला शिकवलेल्या सगळ्या गोष्टींत तीच मला सर्वात उपयोगी पडली.

आता मी डाव्या बाजूच्या, कॅप्टनच्या सीटवर बसते. चाकं फिरत असताना संगणकात काही भरायचं नाही, भरायचं असेल तर आधी थांबायचं, असं मी प्रत्येक फर्स्ट ऑफिसरला निघण्याआधीच सांगते. वाट परत म्हणताना नकाशावर बोट फिरवायला लावते. पावसात जास्तच हळू जाते. आणि कामाच्या जागेवरून जाताना पुढचे प्रखर दिवे मंद करते, पलीकडच्या माणसांना डोळ्यांवर हात धरावा लागू नये म्हणून. त्यासाठी कुठलाही नियम नाही. ती चहा पिणारी बाई माझ्या लक्षात राहिली आहे. पहाटे पहिलं विमान उतरण्याआधी हीच माणसं ओळीत चालत धावपट्टीवरचा एकेक खडा हातानं वेचतात, कारण तो इंजिनात ओढला गेला तर पाती तुटतील. आमच्या खालचा रस्ता त्यांनी रात्रभर जागून नीट केलेला असतो.

परवा रात्रीची ड्यूटी होती. क्रूच्या गाडीत बसल्या बसल्या फोन लावला. पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"आज कॉशन कुठंय?"

"उतरायचंय तिथं, अण्णा. टॅक्सीवेचा शेवटचा तुकडा बंद. रात्री अकरा ते पहाटे पाच. डांबराचं काम आहे. आम्ही साडेबाराला पोचू."

"म्हणजे काम चालू असतानाच."

"हो."

"शेवटचा तुकडा बंद," ते सावकाश म्हणाले, "अकरा ते सहा."

"पाच, अण्णा."

"पाच. अकरा ते पाच." मागून आईनं काहीतरी विचारलं, त्यांनी तिला थांब म्हटलं. "माणसं आहेत का तिथं?"

"आहेत."

"बरं," अण्णा म्हणाले. "घेतली सही." आणि फोन ठेवला.